चिंच, हळद आणि मिठाचं पोतं

मी गवत कापायचं यंत्र बोलतोय. हसू नका. मी जालन्याच्या स्टेशनात उतरलो तेव्हाही लोक असेच हसले होते. "गवत कापायला यंत्र? मंग बैलानं काय खायचं?" असं एक हमाल म्हणाला, आणि खरं सांगतो, त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्या मुलखात गवताची काडी न् काडी जनावराच्या पोटात जाते, तिथे ते नुसतं बुटकं दिसावं म्हणून विलायतेहून लोखंड मागवायचं, हा श्रीमंतांचा चाळा. पण मागवलं ना? मग नीट ठेवायचं होतं. माझं सगळं रडगाणं एवढंच आहे.

आज मी मच्छिंद्र लोहाराच्या भट्टीशेजारी पालथा पडलोय. अंगाला हात लावला तर तांबडा भुगा हाताला लागतो. मुठीचं लाकूड वाळवीनं खाल्लं. बोलायला माझ्याकडे आज आणि उद्या, एवढेच दिवस आहेत. का ते पुढे सांगतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. जहाजानं मुंबईला आलो, मोठ्या गाडीनं मनमाडला, तिथे मला खोक्यासकट उचलून छोट्या गाडीत घातलं आणि १९२७ साली मी निजामाच्या राज्यात दाखल झालो. सहा पिळदार पाती एका आसाभोवती गोल बसवलेली, त्यांच्याखाली एक आडवं पोलादी पातं. ढकललं की गोल पाती फिरायची आणि आडव्या पात्यावर गवत कातरलं जायचं. मागे लाकडी रूळ, पुढे कापलेलं गवत पडायला पत्र्याची पेटी, अंगावर हिरवागार रंग. मी देखणा होतो. आता सांगून कोणाला पटणार नाही.

मला मागवलं होतं कापसाच्या जिनिंग कंपनीच्या इंग्रज मॅनेजरनं. त्याच्या बंगल्यामागे हरळीचं टेनिसचं मैदान होतं. माझ्या खोक्यात एक छापील कागद होता. त्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की काम झालं की यंत्र कोरडं पुसावं आणि पात्यांना तेल लावावं. साहेबानं तो कागद वाचला, मान हलवली आणि खिडकीत ठेवला. पुढे बावर्च्यानं त्यात मिरच्या बांधल्या. ज्याला वाचता येत होतं त्यानं मला उभ्या जन्मात हात लावला नाही. ज्याच्या हातात मी दिलो गेलो त्याला अक्षरओळख नव्हती.

त्याचं नाव धुळाजी. वडीगोद्रीकडचा धनगर. बापजाद्यांनी आयुष्य मेंढरांमागे चालत काढलेलं, आणि हा बंगल्यावर माळी म्हणून लागला तो एकाच कारणासाठी. त्याच्या बायकोला, बायनाबाईला, घर हवं होतं. घर म्हणजे काय, बंगल्यामागची एक खोली. पण तिला चार भिंती होत्या. पालात जन्मलेली ती बाई पहिले काही दिवस उगाचच भिंतीला पाठ टेकवून बसायची. नंतर तिनं दाराशी दोडक्याचा वेल लावला. मेंढरांवाल्यांना वेल लावता येत नाही, कारण दोडके लागेपर्यंत ते तिथे नसतात. तिला दोडके खायला मिळाले, आणि त्या दिवशी तिनं ते साऱ्या बंगल्याला वाटले.

धुळाजीनं मला पहिल्यांदा पाहिलं, फिरवलं, खाली वाकून आडव्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही तर कातरच की. मेंढीऐवजी जिमिनीची लोकर कातरायची." मला तो नेहमी कातरच म्हणायचा. मला त्याचा राग आला नाही. त्यानं मला ओळखलं होतं.

काम झालं की तो मला आडवं करायचा, निंबाच्या काडीनं कानाकोपऱ्यातलं ओलं गवत काढायचा, फडक्यानं पुसायचा, आणि मी जमिनीला टेकू नये म्हणून दोन विटांवर ठेवायचा. साहेबानं दिलेला तेलाचा डबा पहिल्याच साली संपला, कारण बंगल्यातल्या सगळ्या कुरकुरणाऱ्या दारांना तेच तेल लागत होतं. दुसरा डबा मागितला तर "बघू" म्हणाले. बंगल्यात "बघू" म्हणजे नाही.

मग धुळाजीनं त्याचं घरचं औषध काढलं. मेंढीची नुकती कातरलेली, न धुतलेली लोकर असते ना, तिला एक चिकट तूपकट ओशटपणा असतो. वास म्हणाल तर चार हातांवरून येतो. पण धनगराची कातर पिढ्यान्‌पिढ्या गंजत नाही ती त्या ओशटपणामुळेच. धुळाजीनं त्या लोकरीचा बोळा करून माझ्या पात्यापात्यावर घासला. नऊ पावसाळे मी काढले. माझ्या पात्यावर गंजाचा ठिपका आला नाही. विलायतेच्या कागदाला जे जमलं नसतं ते एका मेंढीनं केलं. मला तेव्हा स्वतःचा वास आवडायचा नाही, हे कबूल करतो. आज त्याची लाज वाटते.

दर साली दसऱ्याच्या सुमाराला धुळाजी महिनाभराची रजा घ्यायचा. भाऊबंदांच्या मेंढ्या कातरायला तो गावाकडे जायचा आणि येताना वर्षाची लोकर घेऊन यायचा. जाण्याआधी मला नखशिखांत लोकरीत गुंडाळून सुतळीनं बांधायचा.

१९३६ साली बंगल्यावर नवे कारभारी आले. काकासाहेब. वाटूरचे, शेतीभाती असलेल्या घरातले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असता तर मला एवढा त्रास झाला नसता. माणूस स्वच्छ होता. दिवसातून वीस वेळा हात धुवायचा. आणि धार्मिक होता.

धुळाजी निघायच्या दिवशी काकासाहेब बंगल्याचं सामान पाहत माझ्यापर्यंत आले. माझ्या अंगाला हात लावला आणि एकदम मागे सरले.

"हे काय गुंडाळलंय रे? मेलेलं मेंढरू हाय का काय?"

"लोकर हाय, मालक. गंज चढत न्हाई तिच्यानं."

काकासाहेब तोवर हौदाकडे निघाले होते. धुळाजी मागोमाग गेला. काकासाहेब कोपरापर्यंत हात धुऊ लागले, राख लावून, घासून घासून. धुळाजी त्यांच्या पाठीशी उभा राहून सांगत होता.

"मालक, म्या महिनाभर न्हाई. ही लोकर काढू नगा. अन् कातरीला पानी दाखवू नगा. येवढं एकच ध्येनात ठेवा."

"हां हां, बराबर," काकासाहेब म्हणाले आणि दुसऱ्यांदा राख घेतली. पाणी इतक्या जोरात पडत होतं की त्यांना काही ऐकू गेलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. धुळाजी बिचारा निर्धास्त होऊन गेला.

पाचव्या दिवशी खंडेनवमी आली. ज्याच्या त्याच्या घरात हत्यारांची पूजा. नांगर, विळे, कुऱ्हाडी, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी आणि हळदीकुंकू. काकासाहेब म्हणाले, "येवढं मोठं विलायती यंत्र, कंपनीची लक्ष्मी, अन् तिच्या अंगावर ही घाण? आपल्याला पाप लागंल." त्यांनी सुतळी कापली. नऊ वर्षांचं माझं पांघरूण काठीवर उचलून उकिरड्यावर टाकलं. आणि त्यांच्या पत्नीला, द्वारकाबाईंना, हाक मारली.

द्वारकाबाई पितळेची भांडी घासण्यात पटाईत. त्यांच्या घागरीत तोंड दिसायचं. त्यांनी मलाही तेच केलं. चिंच भिजवून आणली, राख आणली आणि नारळाच्या शेंडीनं मला असं घासलं की अंगावरचा ओशटपणाचा कण शिल्लक राहू नये. अहो बाई, ते पितळ आहे आणि मी लोखंड आहे, असं मी ओरडत होतो. पण आमचं ओरडणं म्हणजे नुसती पात्यांची कुरकूर. त्या म्हणाल्या, "बगा, कसं बोलायलंय. बरं वाटायलंय त्याला."

मग विहिरीच्या पाण्याच्या चार घागरी माझ्यावर ओतल्या. न पुसता ओली हळद लावली. काकासाहेबांनी मंत्र म्हणत खालच्या पात्याच्या डाव्या टोकापासून कुंकवाची पाच बोटं ओढली. झेंडूची माळ घातली. मी चिंब ओला होतो आणि लोक मला नमस्कार करत होते.

पूजेचं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं. हळदीकुंकू पुसायचं तर मुळीच नसतं. म्हणून मी रात्रभर तसाच. दुसऱ्या दिवशी दसरा, सगळे सोनं वाटायला गेले. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं तेव्हा काकासाहेबांना माझी काळजी वाटली. काळजी, हो! त्यांनी शोधून शोधून एक जाडजूड पोतं आणलं आणि मला त्यात घट्ट बांधून घातलं. ते मिठाचं पोतं होतं. शिवणीत अजून मिठाचे खडे होते. परतीचा पाऊस लागला, हवा दमट झाली, आणि मिठाच्या पोत्याला दमट हवेत काय होतं हे कोणत्याही सुनेला विचारा.

चिंच, हळद, मीठ आणि वरून बरणीला बांधावा तसा घट्ट दादरा. काकासाहेबांनी माझं लोणचं घातलं. मी कैरी असतो तर पोळा येईपर्यंत छान मुरलो असतो.

धुळाजी दिवाळी करून परतला. खांद्यावर नवी लोकर होती. त्यानं पोतं सोडलं आणि माझ्याशेजारी खाली बसून पात्यावरून अंगठा फिरवला. मी तांबडा झालो होतो. आस गंजानं धरला होता. पाती हलत नव्हती. त्यानं तेल कुठूनसं पैदा केलं, वीट घासली, लोकर घासली, पायानं रेटलं. काही उपयोग झाला नाही. आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब यायचे होते, मैदानावर खेळ आणि चहापाणी होतं. महिनाभरात हरळी घोट्यापर्यंत वाढलेली.

धुळाजी उठला, खोलीत गेला आणि मेंढ्यांची कातर घेऊन आला. उकिडवा बसला आणि ते अख्खं मैदान त्यानं कातरीनं कातरलं. दिवस मावळेपर्यंत, वीत वीत पुढे सरकत. बायनाबाई मागून गवत वेचत होती. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. ज्या कामासाठी मी सात समुद्र ओलांडून आलो ते काम एक माणूस गुडघ्यांवर बसून करत होता आणि मला एक पातं हलवता येत नव्हतं. माझ्या आयुष्यात त्याहून वाईट दिवस नाही. हे आज भट्टीच्या तोंडाशी बसून सांगतोय.

मैदान अर्थातच उंचसखल दिसलं. मॅनेजर साहेबानं चौकशी केली, मला पाहायला आला, पात्यावरून बोट फिरवलं आणि ते तांबडं बोट धुळाजीसमोर धरलं.

काकासाहेब म्हणाले, "माळी महिनाभर रजेवर गेल्ता, हुजूर."

हे खरं होतं, हीच तर आग आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आपल्या हातून काही झालं असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी तर पूजा केली होती! धुळाजी बोलायला गेला, "साहेब, लोकर..." पण तेवढ्यात काकासाहेबांनी साहेबाच्या बोटावर पाणी घालायला तांब्या पुढे केला आणि सगळे त्या धुण्याकडे वळले.

धुळाजीला काढून टाकलं. "धुळाजीनं यंत्र सडवलं" हे वाक्य जालन्यातल्या एकूण एक बंगल्यात पोचलं. त्याला पुन्हा कोणी माळी म्हणून ठेवलं नाही. तो आणि बायनाबाई परत मेंढरांमागे गेले. जाताना तिनं वेलावरचा शेवटचा दोडका बियाण्यासाठी काढला, हातात धरून उभी राहिली, आणि मग खोलीच्या कोनाड्यात ठेवून दिला. पेरायला जमीन कुठे होती? मला तिच्याकडे बघवलं नाही.

पुढची बारा वर्षं मी बावर्चीखान्यामागे होतो. माझ्या पेटीत कोंबड्या अंडी घालायच्या. मुठीवर पोतेरी वाळायची. मैदानावर बकऱ्या सोडल्या आणि त्यातली एक मलाच बांधायचे. आणि दर खंडेनवमीला काकासाहेब न चुकता यायचे, तांब्याभर पाणी घालायचे, हळद वाहायचे आणि डाव्या टोकाला कुंकवाचं बोट ओढायचे. अकरा खंडेनवम्या, अकरा बोटं. तेलाचं एक नाही.

यंदा भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. जिनिंगचा मालक गाशा गुंडाळून गेला आणि बंगला रिकामा झाला. काकासाहेबांनी मला बैलगाडीत घातलं आणि विळे-खुरपी करून घ्यायला मच्छिंद्रकडे आणलं. ही आज दुपारची गोष्ट.

मच्छिंद्रनं माझं खालचं पातं सोडवायला घेतलं. त्याला टोकाशी पकडून ठेवणारी पट्टी गंजून एकजीव झाली होती. त्यानं छिन्नी लावून ती उडवली आणि थबकला.

"आँ? हे येवढंच कसं काय राह्यलं?"

पट्टीखाली, पात्याच्या डाव्या टोकाला, चार बोटं जागा नव्यासारखी चकचकीत होती.

काकासाहेब चष्मा सावरत वाकले. त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हितंच तर म्या दर साली कुंकवाचं बोट लावायचो! देवीचा हात हाय बघ. बिलकुल देवीचा हात!" आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मला वाटलं, मी आता आपण होऊन वितळतो. बारा वर्षं मला पाण्यानं खाल्लं, आणि जेवढं टोक वाचलं त्याचं श्रेय आता कुंकू घेणार होतं आणि मला तोंड नव्हतं.

भट्टीपलीकडे एक म्हातारा घोंगडी पांघरून आपल्या कातरीला धार लागायची वाट पाहत बसला होता. तो उठला. वाकून त्यानं पट्टीच्या बेचक्यातून नखानं काहीतरी ओढून काढलं. काळी पडलेली, चिकटून बसलेली लोकरीची गुंडी होती. द्वारकाबाईंच्या नारळाच्या शेंडीला तेवढी एकच सापडली नव्हती. म्हाताऱ्यानं ती दोन बोटांत चुरली.

"देवीचाच हात आसंल, काकासाहेब," तो म्हणाला. "पर देवीच्या हाताला मेंढीचा वास कसा काय?"

आणि त्यानं ती गुंडी काकासाहेबांच्या नाकाशी धरली.

काकासाहेबांनी वास घेतला. पात्याकडे पाहिलं. गुंडीकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे.

"धुळाजी?" ते म्हणाले. "मंग तवाच बोलायचं व्हतं की रे."

"बोललो व्हतो, मालक. तुमी हात धुवून राह्यल्ते."

त्याही क्षणी काकासाहेबांचा हात सवयीनं लोहाराच्या पाण्याच्या कुंडीकडे गेला होता. तो तसाच अर्ध्यात राहिला. त्यांनी तो मागे घेतला, पण कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"बायनाबाई कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"गेली परसाल. रानातच. पालात."

काकासाहेब मच्छिंद्रच्या दगडावर बसले ते बसलेच. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बारा वर्षांनी एका माणसाला एक वास आला, एवढंच तर झालं. वास तेव्हाही होता, आणि नाकही होतं.

धुळाजीनं ते चकचकीत टोक अंगठ्यानं पुसलं आणि मच्छिंद्रला म्हणाला, "ह्या टोकाची मला कातर करून दे." काकासाहेबांनी मान डोलावली, मग गाडी तिथेच सोडून पायीच निघून गेले.

उद्या खंडेनवमी. उद्या मच्छिंद्र भट्टी पेटवणार नाही. सगळ्या हत्यारांबरोबर माझीही पूजा करील, आणि परवा दसऱ्याच्या मुहूर्ताचा पहिला घण माझ्यावर पडेल. त्याचं मला दुःख नाही. कातर होऊन धुळाजीच्या हातात जायचं आणि मेंढीच्या अंगावरून फिरायचं, म्हणजे औषध रोजचंच झालं. काळजी उद्याची आहे. हळदीच्या वाटीशेजारी मच्छिंद्रनं आत्ताच पाण्यानं भरलेला तांब्या मांडलाय. मला इथून दिसतोय.

धुळाजीलाही तो दिसला होता. जाताना तो लोकरीची गुंडी त्या चकचकीत टोकावर ठेवून म्हणाला, "मच्छिंद्र, उद्या पूजा खुशाल कर. पर ह्याला पानी लावू नगस."

मच्छिंद्र कुंडीत वाकून हात धूत होता. "हां हां, बराबर," तो म्हणाला.

म्हणून आता तुम्हालाच सांगतो. तुमच्या घरी विळा असेल, कुदळ असेल, कात्री असेल. तिला हार नको, मंत्र नको. काम झालं की कोरडी पुसा, तेलाचं बोट फिरवा, जमिनीपासून वर ठेवा. आणि ज्याचा हात तिच्यावर रोज फिरतो तो माणूस काही सांगत असेल, तर आधी त्याचं ऐकून घ्या. हात नंतर धुवा.